जित्याची खोड आणि कोर्टातला पुरावा

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की तिच्यात एक निकाल दडलेला आहे हे लक्षातच येत नाही. तिला शोभेल अशी दुसरीही आहे. कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. गावात कुणाची विहिरीवरची मोटार चोरीला गेली किंवा गोठ्यातला बोकड नाहीसा झाला, की पारावर पाच मिनिटांत एक नाव निघते. पुरावा काय? तर “मागं नाही का त्यानं अमक्याची केली होती?” शाळेतही तेच. वर्गात कंपासपेटी हरवली की चाळीस माना एकाच पोराकडे वळतात. त्या पोराने या वेळी काही केलेले असो वा नसो, मागच्या वर्षीची गोष्ट त्याच्या पाठीला चिकटलेली असते.

आता हाच प्रश्न कोर्टात नेऊन बघा. एका माणसावर एका गुन्ह्याचा खटला चालू आहे. त्याने पूर्वी दुसरा गुन्हा केला होता, किंवा केल्याचा संशय होता, हे न्यायाधीशांना सांगायचे की नाही? सांगितले आणि शिक्षा झाली, तर वरच्या कोर्टात “हा पुरावा घ्यायलाच नको होता” असे म्हणून दाद मागता येते का? मी वकील नाही, साधा बी.ए. झालेला मास्तर. पण इतिहास वाचताना हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा भेटला. एकदा आमच्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आणि एकदा मुंबईच्या हायकोर्टात.

डोंगरातली गोष्ट आधी सांगतो.

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या बाजूला जांभोरी नावाचे गाव आहे. तिथले होनाजी भागोजी केंगले हे महादेव कोळी समाजातले वजनदार गृहस्थ. १८७३च्या सुमारास त्यांनी माणसे जमवली आणि सावकारांवर हल्ले सुरू केले. आदिवासी आणि शेतकरी कर्जात बुडालेले, जमिनी सावकाराच्या नावावर चढलेल्या, आणि कोर्टाचे हुकूमनामे सावकाराच्या बाजूचे, असा तो काळ. सावकारांची नाके कापली गेली, खते हिसकावली गेली. पुणे, नगर आणि ठाणे जिल्ह्यांतले सावकार गावे सोडून पळू लागले. इंग्रज सरकारने १८७४ साली होनाजींवर एक हजार रुपयांचे इनाम लावले. १८७५ साली दख्खनचे दंगे झाले, त्यामागे ही धास्तीसुद्धा एक कारण होती असे सरकारी गॅझेटियरच सांगते. शेवटी १८७६च्या जुलैमध्ये पोलीस अधिकारी मेजर डॅनियल याने त्यांना पकडले. याच डॅनियलने पुढे १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांना पकडले.

सरकारी कागदात होनाजी दरोडेखोर आहेत. आमच्या भागातल्या आदिवासींच्या मनात ते क्रांतिकारक आहेत. त्या वादात मी आज पडत नाही. मला विचार करायचा आहे तो वेगळ्या गोष्टीचा. ज्या माणसाच्या नावाचे जाहीरनामे गावोगावी लागलेले आहेत, तीन जिल्ह्यांत जो दरोडा पडेल तो ज्याच्या नावावर लिहिला जातो, अशा माणसावर ‘अमुक तारखेचा अमुक गावचा दरोडा’ एवढ्यापुरताच खटला चालवणे कुणाला जमले असते? आणि दरोडा पडला त्या रात्री जांभोरीचा दुसराच एखादा गरीब कोळी केवळ रानात सापडला, तर “मी त्यांच्यातला नाही” हे त्याने कसे सिद्ध करायचे?

त्या काळचा कायदा काय म्हणत होता, ते मोठे चमत्कारिक आहे. १८७१ आणि १८७२ या लागोपाठच्या दोन वर्षांत इंग्रज सरकारने दोन कायदे केले. पहिला गुन्हेगार जमातींचा कायदा, दुसरा भारतीय पुराव्याचा कायदा. दोन्ही झाले तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले कायदा सभासद एकच होते, सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. पुराव्याचा कायदा तर त्यांच्याच हातचा. त्यात ५४ व्या कलमात लिहिले की फौजदारी खटल्यात आरोपीचे चारित्र्य वाईट आहे ही गोष्ट गैरलागू समजावी. म्हणजे माणूस वाईट आहे म्हणून त्याने हा गुन्हा केला असेल, असा तर्क कोर्टाने करू नये. केवढी मोठी गोष्ट आहे ही! आपल्या म्हणीलाच कोर्टाच्या दारात अडवले. आणि आदल्याच वर्षीच्या कायद्यात काय होते? काही जमाती जन्मानेच गुन्हेगार. त्यांची नोंद करायची, हजेरी घ्यायची, गाव सोडताना परवाना मागायचा. एका कायद्यात माणसाचा स्वतःचा भूतकाळसुद्धा त्याच्यावर लादायचा नाही, आणि दुसऱ्यात त्याच्या आजोबांचासुद्धा लादायचा!

जमातींचा कायदा सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ साली तो सगळ्या देशाला लागू करता येईल असा झाला आणि आपल्याकडच्या पारधी, रामोशी, भामटा अशा अनेक जमाती त्याच्या जाळ्यात आल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणाची सेटलमेंट झाली. त्या कायद्यात नोंदलेल्या माणसाला ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर ती किमान सात वर्षांची, असे कलम होते. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा गेला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. कागदावर.

पुराव्याच्या कायद्यातही एक फट राहिली होती. १८७२च्या मूळ ५४ व्या कलमाप्रमाणे वाईट चारित्र्य गैरलागू असले, तरी पूर्वीची शिक्षा मात्र लागू होती. म्हणजे लोक काय म्हणतात ते सांगायचे नाही, पण कोर्टाने पूर्वी दोषी ठरवले असेल तर ते खुशाल सांगायचे. होनाजी पकडले गेले तेव्हा हाच कायदा होता. १८९१ साली तो बदलला. तेव्हापासून पूर्वीची शिक्षा ही वाईट चारित्र्याचाच पुरावा धरली जाते, आणि आरोपीने स्वतःहून आपल्या चांगल्या वर्तणुकीचे साक्षीदार आणले तरच सरकारपक्षाला तिचा उल्लेख करता येतो.

पण वाचकहो, दुसऱ्या गुन्ह्याचा पुरावा कधीच घ्यायचा नाही असे म्हटले तर तेही चालणार नाही. कायद्यात मास्तरांना आवडतील अशी उदाहरणे दिलेली आहेत. एक माणूस एकामागून एक घरांत राहायला गेला. प्रत्येक घराचा विमा उतरवला, प्रत्येक घराला आग लागली आणि प्रत्येक वेळी विम्याचे पैसे मिळाले. शेवटच्या आगीच्या खटल्यात तो म्हणतो, “अहो, अपघात!” अशा वेळी आधीच्या आगी कोर्टापुढे आल्याच पाहिजेत. दुसरे उदाहरण गोळीबाराचे आहे. एकाने दुसऱ्यावर गोळी झाडून त्याला मारले असा खटला. आरोपीने त्याच माणसावर पूर्वीही गोळी झाडली होती, हे सांगता येते, कारण त्यातून हेतू दिसतो. पण त्याला एकूणच लोकांवर गोळ्या झाडायची सवय आहे, हे सांगता येत नाही. पहिल्यात या घटनेशी धागा आहे, दुसऱ्यात फक्त ‘जित्याची खोड’ आहे.

याच सुमारास, १८९३ साली, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे ऑस्ट्रेलियातून एक अपील आले. मेकिन नावाचे सिडनीचे जोडपे. पैसे घेऊन लोकांची तान्ही मुले सांभाळायला घ्यायचे. एका मुलाच्या खुनाचा खटला होता, पण त्यांच्या आधीच्या घरांच्या अंगणांतूनही तान्ह्या मुलांचे सांगाडे निघाले आणि तो पुरावा घेतला गेला. दोषी ठरल्यावर त्यांनी अपील केले की बाकीच्या मुलांचा पुरावा घ्यायलाच नको होता. लॉर्ड हर्शेल यांनी जे सांगितले त्याचा आशय असा : आरोपी अशा गुन्ह्यांच्या वृत्तीचाच आहे एवढेच दाखवायला दुसरे गुन्हे आणता येत नाहीत, पण घटना अपघाताने झाली की मुद्दाम, अशा खऱ्या मुद्द्यावर त्यांचा उपयोग होत असेल तर आणता येतात. अपील फेटाळले गेले. तत्त्व मात्र मागे राहिले आणि इंग्रजी कायदा चालत होता त्या सगळ्या मुलखांत ते वकिलांच्या तोंडी बसले.

म्हणजे दार बंद आहे, पण त्याला एक खिडकी आहे. खिडकीवर पाटी आहे, ‘हेतू’. आता मुंबईला जाऊ, कारण या खिडकीतून काय काय आत येऊ शकते ते लोकमान्य टिळकांच्या खटल्यात दिसते.

टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला १८९७ साली झाला, तो शिवराज्याभिषेक उत्सवाच्या निमित्ताने १५ जूनच्या केसरीत आलेल्या मजकुरावरून. शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हा लोकांना याचे विशेष अप्रूप. त्या खटल्यात त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलने अपिलाची परवानगीसुद्धा दिली नाही.

दुसरा खटला १९०८चा. मुझफ्फरपूरला ३० एप्रिलला बाँब पडून दोन इंग्रज स्त्रिया मेल्या. त्यावर केसरीत लेख आले. त्यांतल्या दोन लेखांवर आरोप ठेवले गेले, १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. पण सरकारपक्षाने पुराव्यात फक्त हे दोन लेख दिले नाहीत. ज्यांच्यावर आरोपच नव्हता असे केसरीचे आणखी लेख हेतू दाखवण्यासाठी म्हणून दाखल केले. आणि त्याखेरीज एक पोस्टकार्ड. टिळकांच्या घराची झडती घेतली तेव्हा ते सापडले होते. त्याच्यावर स्फोटक द्रव्यांवरच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावे लिहिलेली होती.

टिळकांवर बाँब करण्याचा आरोप नव्हता. कट केल्याचा नव्हता. आरोप होता तो दोन लेखांत काय लिहिले याचा. त्यांनी खुलासा केला की सरकारने नुकताच, ८ जूनला, स्फोटक द्रव्यांचा कायदा केला होता. त्यावर टीका लिहायची तर ‘स्फोटक’ कशाला म्हणतात ते पाहायला हवे, म्हणून ती नावे टिपून ठेवली होती. संपादकाच्या टेबलावर अशी कागदांची चिटोरी असायचीच. पण नऊ जणांची जूरी, त्यात सात युरोपियन आणि दोन पारशी, शहरात बाँबच्या बातम्यांचा गदारोळ, आणि हातात ‘बाँबच्या पुस्तकांचे’ कार्ड! त्या कार्डाने कोणत्या लेखातल्या कोणत्या वाक्याचा अर्थ बदलत होता? एकाही नाही. पण माणसाचा चेहरा बदलत होता.

याच खटल्यात कायद्याची एक शिस्त मात्र पाळली गेली. टिळकांना १८९७ साली शिक्षा झाली होती ही गोष्ट जूरीचा निकाल लागल्यानंतर, शिक्षा ठरवताना रीतसर पुढे आणली गेली. कायदाच तसा होता, आजही तसाच आहे. सत्र न्यायालयात पूर्वीच्या शिक्षेवरून वाढीव शिक्षा मागायची असेल, तर आरोपी दोषी ठरेपर्यंत तिचा उच्चार करायचा नाही. नियम चांगला. पण त्या वेळी मुंबईत टिळक पूर्वी तुरुंगात जाऊन आले आहेत हे माहीत नसलेला सुशिक्षित माणूस सापडला असता का? खटला ज्यांच्यापुढे चालला ते न्यायमूर्ती दावर तर १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते! कान झाकायला सांगता येते, डोक्यात आधीच असलेले काढायला सांगता येत नाही.

टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली. वीस तासांहून अधिक बोलले. २२ जुलैला रात्री निकाल लागला. सात विरुद्ध दोन. सहा वर्षे काळे पाणी आणि एक हजार रुपये दंड.

आता अपिलाकडे येतो. आजच्या वाचकाला वाटेल, एवढा मोठा खटला, वर अपील झालेच असेल. पण हायकोर्टात जूरीपुढे चाललेल्या खटल्यावर त्या काळी हिंदुस्थानात सरळ अपीलच नव्हते. तो हक्क १९४३ साली आला. घोडेगावच्या मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिलेल्या माणसाला वरची पायरी होती, हायकोर्टाने शिक्षा दिलेल्या टिळकांना नव्हती. प्रिव्ही कौन्सिलकडे जाण्यासाठी हायकोर्टाचे सर्टिफिकेट मागितले, ते सप्टेंबर १९०८ मध्ये नाकारले गेले. दादासाहेब खापर्डे इंग्लंडला गेले आणि तिकडे खटपट केली. प्रिव्ही कौन्सिलनेही परवानगी नाकारली. तिथला नियम ठरलेला होता. फौजदारी निकालात आम्ही सहसा हात घालत नाही, न्यायाच्या मूळ तत्त्वांनाच धक्का लागून घोर अन्याय झाला असेल तरच बघू. टिळक मंडालेला गेले, ते १९१४च्या जूनमध्ये परतले.

समजा, अपिलाचे दार उघडे असते आणि कुणी म्हटले असते की ते कार्ड पुराव्यात घेणे चूक होते. तरी पुढे पुराव्याच्या कायद्याचे १६७ वे कलम उभे होते. एखादा पुरावा चुकीने घेतला गेला एवढ्यावरून निकाल फिरत नाही. तो पुरावा बाजूला काढून उरलेल्या पुराव्यावर निकाल टिकतो का, ते वरच्या कोर्टाने पाहायचे. वरवर हे शहाणपणाचे वाटते, आणि बरेचसे आहेही. नाहीतर प्रत्येक किरकोळ चुकीवरून खुनी सुटतील. पण यात एक अडचण आहे. भाजीत मीठ जास्त पडले तर ते वेचून काढता येत नाही. वरचे न्यायाधीश कागद वाचून म्हणतात, “हे कार्ड सोडून दिले तरी लेख आहेतच.” पण ज्यांनी निकाल दिला त्यांनी लेख वाचले ते कार्ड पाहिल्यावरच. त्यांनी कार्डाशिवाय ते लेख कसे वाचले असते, याचे उत्तर कुठल्याही दप्तरात सापडणार नाही. म्हणून या प्रश्नाची खरी लढाई अपिलात जिंकायची नसते, ती खालच्याच कोर्टात, पुरावा दाखल होतो त्या क्षणी असते. वकिलाने त्याच वेळी उभे राहून हरकत घ्यायची आणि न्यायाधीशाने त्याच वेळी विचारायचे, “याचा या गुन्ह्याशी धागा कोणता?” गरीब आरोपीला नेमका तोच वकील त्या क्षणी मिळत नाही.

वरच्या कोर्टाने दाद दिल्याचे उदाहरणही टिळकांचेच आहे. १९१६ साली बेळगाव आणि अहमदनगरच्या स्वराज्यावरील भाषणांवरून पुण्याच्या मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. जीनांनी हायकोर्टात बाजू मांडली. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी तो हुकूम रद्द केला. भाषण तुकड्या-तुकड्याने नव्हे, सबंध वाचायचे, त्याचा एकूण परिणाम काय होतो ते पाहायचे, अशी त्यांची दृष्टी होती. दोन शिक्षा नावावर असलेला माणूस समोर होता. तरी या वेळी माणूस तोलला गेला नाही, त्याचे शब्द तोलले गेले. न्याय म्हणजे दुसरे काय असते?

आता जूरी राहिली नाही. १८७२चा पुराव्याचा कायदाही गेला, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. कलमांचे नंबर बदलले. चारित्र्याचा नियम, हेतूची खिडकी आणि चुकीने घेतलेल्या पुराव्याचे कलम ही तिन्ही मात्र जवळजवळ जशीच्या तशी नव्या घरात राहायला आली. म्हणजे प्रश्नही आले. वर्तमानपत्रात ‘रेकॉर्डवरचा गुन्हेगार’ हे शब्द आपण रोज वाचतो. रेकॉर्डवर कोण, का, किती वर्षांपूर्वी, आणि त्यातून तो निर्दोष सुटला होता का, हे कुणी लिहीत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातीभेदाबद्दल निकाल दिला. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी ती याचिका केली होती. विमुक्त जमातींना सरसकट ‘सराईत’ धरणारे तुरुंगांचे नियम त्यात रद्द झाले. १८७१चा कायदा जाऊन बहात्तर वर्षे झाली होती, तरी त्याची सावली तुरुंगाच्या नियमपुस्तकात होती.

दुसरी बाजूही मला दिसते. एकच माणूस एकाच पद्धतीने पाच जणींना फसवतो आणि प्रत्येक खटल्यात “गैरसमज झाला” म्हणतो, तेव्हा त्या पाच जणींना एकमेकींपासून तोडून ठेवणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल. विम्याच्या आगींसारखेच ते आहे. म्हणूनच कायद्याने दार पूर्ण बंद केले नाही. पण खिडकी आणि दार यांतला फरक सांभाळण्याचे काम कायद्याच्या पुस्तकाला जमत नाही. ते खुर्चीवर बसलेल्या माणसालाच करावे लागते.

म्हणी अनुभवातून येतात, त्या खोट्या नसतात. खोड खरोखरच सहज जात नाही, चाळीस वर्षे मुले वाढताना पाहिलेल्या माणसाला ते नव्याने सांगायला नको. पण खोड आहे म्हणजे आज त्याने केलेच, हे म्हणसुद्धा सांगत नाही. ते आपण तिच्या तोंडी घालतो. खोड जाते का मेल्याशिवाय, हा पारावरचा विषय. कोर्टापुढचा विषय एवढाच, की त्या रात्री त्या गोठ्यात कोण होते.